जुलैत मोजलेली मुले जानेवारीत कुठे असतात?

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे एक दिवसाचे सर्वेक्षण झाले. एका दिवसात अख्खे राज्य पिंजून काढता येते का, फुटपाथवरची आणि वीटभट्टीवरची मुले खरेच मोजली गेली का, यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ऊसतोड मजुराला आधी विचारले असते, तर त्याने याहून साधी अडचण सांगितली असती. जुलैत आम्ही घरीच असतो, पेरणी चालू असते, पोरे शाळेत जातात. मोजायचेच असेल तर जानेवारीत या.

शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेचेही तसेच आहे. तिच्यासाठी वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून निघतात त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे शाळेचे वर्षभराचे भवितव्य ज्या आकड्यावर ठरते, तो गाव रिकामे होण्याआधीच कागदावर पक्का झालेला असतो. यात कोणाचा डाव आहे असे मानायचे कारण नाही. तारखा ठरवणाऱ्या बैठकीत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारे कोणी नव्हते, एवढेच.

शासनाला नावे ठेवणे सोपे आहे. पण विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था आणि पीएच.डी. करणारे अभ्यासक यापेक्षा फार वेगळे वागत नाहीत. ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक प्रस्तावात असतो. प्रत्यक्षात सरपंचाचे पत्र, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तातला एक ठराव आणि पालकांच्या संमतिपत्रावरचा अंगठा एवढ्यावर तो संपतो. प्रश्न शहरात ठरलेला असतो, प्रश्नावली छापून आलेली असते, माहिती गोळा करणाऱ्यांची गाडी सकाळी अकराला येते आणि चारला परत जाते. अकरा ते चार या वेळात गावात म्हातारी माणसे आणि कोंबड्या भेटतात.

गावाला संशोधनात भागीदार करून घेणे हा सौजन्याचा किंवा लोकशाही मूल्यांचा विषय आहे, असे सहसा मांडले जाते. तो तसा आहेच. पण त्याहून आधी तो अचूकतेचा विषय आहे. प्रश्न, वेळापत्रक आणि गोळा झालेली माहिती यांवर गावाचा हक्क नसेल, तर हाती येणारा आकडा चुकतो, आणि तो कुठे चुकला हे संशोधकाला कळतही नाही.

साधे गणित करू. समजा ऑगस्टमध्ये तिसरी ते पाचवीच्या २०० मुलांची वाचनचाचणी घेतली. मार्चमध्ये पुन्हा गेल्यावर १४० सापडली. अहवालात ओळ येते की नमुन्यातली ३० टक्के मुले दुसऱ्या फेरीत उपलब्ध झाली नाहीत. त्याखाली या १४० मुलांची प्रगती, आलेख, निष्कर्ष. पण न सापडलेली ६० मुले सहज निसटलेली नाहीत. ती कर्नाटकाच्या सीमेवर किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या फडाजवळ, म्हणजे तोडीच्या उसाजवळ, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) आहेत, आणि शिकण्याचे सर्वात जास्त नुकसान त्यांचेच झालेले आहे. निष्कर्ष लागू आहे फक्त मागे राहिलेल्या मुलांना. छापला जातो तो सगळ्या गावाच्या नावाने. घरोघरच्या सर्वेक्षणात तर ‘कुलूप असेल तर शेजारचे घर घ्या’ असा नियम सर्रास वापरतात. ऊसतोडीच्या वस्तीत डिसेंबरमध्ये हा नियम लावला, तर जे कुटुंब शोधायला आपण आलो तेच नेमके गाळले जाते. कुलूप हीच तिथली माहिती असते.

वेळापत्रकाइतकाच घोटाळा प्रश्नाच्या शब्दांत असतो. ‘तुमचे मूल काम करते का?’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येते. बालमजुरी गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत असते, आणि हातात फाईल घेऊन आलेला माणूस सरकारी नसतो हे पटवणे अवघड. शिवाय आईबापांच्या लेखी ते खोटेही नसते, कारण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पोर त्यात धरलेलेच नसते. तोडीला स्वतः जाणाऱ्या बाईला हा प्रश्न घडवायला दिला तर ती वेगळे विचारेल. पहाटे फडात जाताना धाकट्याला कोणाजवळ ठेवता? वाढे (उसाच्या शेंड्यांचा हिरवा चारा) कोण बांधते, कोण विकते? पाणी कोण भरते? या तीन उत्तरांतून नऊ वर्षांच्या मुलीचा सगळा दिवस समोर येतो. तिला कामगार म्हणायचे की नाही हे मग संशोधकाने ठरवावे.

मग हे करायचे कसे? पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न ठरवण्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळा पैसा. पेरणी उरकल्यावर, पोळ्याच्या आधी, रात्री आठनंतर बैठका घ्याव्यात. एक मोठी सभा घेण्यापेक्षा चार लहान बैठका बऱ्या: बायकांची, पुरुषांची, दहा ते चौदा वयाच्या मुलांची आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमांची. मुकादमाला वगळून चालत नाही. टोळीतली कुटुंबे कोणती, कोणत्या कारखान्याकडे गेली, तळ कधी हलला, हे त्यालाच नीट ठाऊक असते. पण त्याच्यासमोर बाई उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, बोलणार नाही, आणि उचल किती फिटली याचा पोराला सोबत न्यायचे की आजीकडे ठेवायचे याच्याशी थेट संबंध असू शकतो. म्हणून त्याची बैठक वेगळी आणि सर्वात शेवटी. प्रत्येक बैठकीत एवढेच विचारावे: पोरांच्या शाळेबद्दल तुम्हाला काय कळून घ्यायचे आहे, जे आज कोणालाच सांगता येत नाही? पहिल्या बैठकीत मागण्या येतात, रस्ता, शिक्षक, खिचडी. त्या लिहून घ्याव्यात, थांबवू नये. खरे प्रश्न बहुधा दुसऱ्या बैठकीत येतात, आणि दुसरी बैठक होतच नाही ही आपल्याकडची नेहमीची रड. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहामुळे गळती किती कमी झाली, हा कार्यालयाचा प्रश्न. मागे राहिलेले पोर रात्री कोणाकडे झोपते, आजारी पडले तर कोण बघते, मुलगा मागे ठेवतात तशी मुलगी का ठेवत नाहीत, हे बायकांचे प्रश्न. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पहिल्याचे उत्तर समजत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. दहा वस्त्या किंवा बंजारा तांडे घेतले तर वीस स्थानिक संशोधक लागतात, प्रत्येक ठिकाणी दोन. त्यांतली एक बाई असावी, आणि निदान एक जण स्वतः टोळीबरोबर जाऊन आलेल्या घरातला असावा. दहावी-बारावी पुरेशी आहे. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून चहा-नाश्त्यावर राबवणे हा शुद्ध अन्याय आहे. प्रकल्पात शहरातून आलेल्या क्षेत्र-अन्वेषकाला जो रोज मिळतो तोच रोज यांना, आठवड्याच्या आठवड्याला, खात्यात. संशोधनाच्या अंदाजपत्रकात ‘मानधन’ या शीर्षाखाली गावासाठी दोन-तीन टक्के ठेवायचे आणि प्रवास-निवासावर तीस टक्के उडवायचे, हे अंदाजपत्रक बघितले की भागीदारीचे काय होणार ते पहिल्याच पानावर कळते.

प्रशिक्षणाला चार दिवस लागतात, कमीत भागत नाही. एक दिवस प्रश्न समजून घ्यायला, एक चाचणी घ्यायला शिकायला, एक दिवस शेजारच्या गावात प्रत्यक्ष सरावासाठी आणि शेवटचा फक्त चुकांसाठी. सरावाच्या दिवशी एकाच मुलाची चाचणी दोघांनी वेगवेगळी घ्यावी आणि पातळी जुळते का ते पाहावे. वीस मुलांपैकी अठरांच्या बाबतीत जुळली तर ठीक. त्याहून कमी जुळली तर पुन्हा बसावे. न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. मूल अडखळले की घेणारा पहिले अक्षर हळूच सांगतो. माया असते त्यात, पण आकडा बिघडतो. आपल्याच वस्तीतल्या मुलांची चाचणी कोणी घ्यायची नाही, हाही नियम हवा. घर दाखवायला वस्तीतला माणूस, चाचणी घ्यायला शेजारच्या वस्तीतला. भाच्याला कमी गुण द्यायला कोणाचा हात धजत नाही.

नमुना निवडण्याऐवजी, वस्ती शंभर-सव्वाशे घरांची असेल तर सगळी घरेच नोंदवावीत. दोन संध्याकाळी पुरतात. आधी जमिनीवर खडूने नकाशा काढायचा, बायकांना त्यावर घरे दाखवू द्यायची, मग तो कागदावर उतरवायचा. प्रत्येक घरासमोर कोण जाते, कोणत्या महिन्यात, मुले सोबत की मागे, मागे असतील तर कोणाकडे. दोन फोन क्रमांक घ्यावेत, एक मुकादमाचा आणि एक गावातल्या नातेवाइकाचा. कुटुंबाचा स्वतःचा क्रमांक हंगामात बंद पडण्याची शक्यता फार. कोपीत वीज नसते.

यानंतर तीन फेऱ्या. पहिली ऑगस्टमध्ये गावात. दुसरी डिसेंबर-जानेवारीत, एक गट गावात आणि एक फडावर. तिसरी एप्रिलअखेर, टोळ्या परतल्यावर. फडावर जाणारे संशोधक तिथे एक गोष्ट हमखास विसरतात. मजूर काम थांबवून बोलायला बसला तर त्याचा खाडा पडतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंडही कापला जातो. तोडीचा दर टनावर असतो. तोडायची, मोळ्या बांधायची आणि वाहन भरायची घाई कधीही येते, मध्यरात्रीही. म्हणून फडावर मुलाखत नको. कोपीवर जावे, वाहन भरून गेल्यावर, आणि पंधरा मिनिटांत संपेल एवढेच विचारावे. ही वेळ कोणती ते फक्त टोळीतली माणसे सांगू शकतात, आणि तीही त्या दिवशीच.

चाचणीच्या साधनाबाबत उगाच नवे काही शोधायची गरज नाही. २००५ पासून ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरली जाणारी शिडी साधी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. एका मुलाला आठ-दहा मिनिटे लागतात, आणि निकाल कोणत्याही पालकाला समोरच दिसतो. तिच्या यशाचे मर्म इथेच आहे, अक्षर न येणाऱ्या आईलाही आपले पोर कुठे अडले ते दिसते. मात्र गोष्टीचे तीन-चार निरनिराळे नमुने लागतातच. एकच असेल तर दुपारपर्यंत सगळ्या वस्तीतल्या पोरांना ती पाठ झालेली असते. आणि तांड्यावर सूचना मराठीत दिल्या तर मुलाला वजाबाकी येत नाही की सूचना कळली नाही, हे वेगळे करता येत नाही. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सूचना आणि मराठीत मजकूर, असे दोन भाग करायला तांड्यातला संशोधकच हवा. मेळघाटात कोरकूचे आणि भामरागडकडे माडियाचे तेच.

इथे एक पुरावा डोळ्यांआड करून चालणार नाही, कारण तो वरवर पाहता या सगळ्याच्या विरोधात जातो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास. काही गावांत लोकांना ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याबरोबर लोकांनीच मुलांची चाचणी घेऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. तिसऱ्या गटात याशिवाय गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवले. पहिल्या दोन गटांत काहीही हलले नाही. समित्या जाग्या झाल्या नाहीत, शिक्षकांची हजेरी वाढली नाही, मुलांचे वाचन सुधारले नाही. तिसऱ्या गटात वर्गांना आलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले.

हा अभ्यास ‘लोकसहभागाने काही होत नाही’ याचा दाखला म्हणून फिरवला जातो. तो नीट वाचला तर तसे म्हणत नाही. गावाने माहिती गोळा केली, पण ती ज्याच्याविरुद्ध वापरायची त्या शिक्षकावर गावाचा काडीचा अधिकार नव्हता. बदली, पगार, रजा सगळे वरून ठरणारे. ज्या कामाचा निकाल गावाच्या हातात होता, ते काम गावातल्या पोरांनी करून दाखवले. संशोधनात भागीदारी हवी असेल तर त्यातून हाच धडा घ्यायला हवा. निष्कर्ष आल्यावर गाव स्वतःच्या बळावर काय करू शकेल, हे प्रश्न ठरवतानाच ठरवा. ऊसतोडीच्या गावात अशी कामे आहेत: मागे राहिलेल्या मुलांची रात्रीची सोय, टोळीतल्या एखाद्या दहावी झालेल्या पोरीने कोपीवर घ्यायचा तासाभराचा वर्ग, शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे) घेऊन ते फडाजवळच्या शाळेत पोचवणे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती मुले दिवसभर कुठे असतात हे पाहूनच. आपण अजून शाळेच्या घंटेवर अडलो आहोत.

‘गाव’ हा शब्द वर सोयीने वापरला, पण गाव एक नसते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. असतातही, कागदावर. पण समितीची बैठक डिसेंबरमध्ये असली तर टोळीवर गेलेला पालक येणार कसा? गावठाणातल्या पालकांनी तांड्याच्या वतीने बोलायचे आणि संशोधकाने ‘समुदायाशी चर्चा केली’ असे लिहायचे, ही फसवणूक फार सफाईने होते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने यावर एक शहाणी रचना केली आहे. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात कोणीही बसावे, बाहेरचाही. तिथे नुसती चर्चा आणि अभ्यास. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीने. संशोधकाने बसायची जागा अभ्यास गटात आहे, हे यातून आपोआप ठरते. ऊसतोडीच्या गावात ग्रामसभा हंगामाबाहेर घ्यावी लागेल एवढाच फरक.

आणि भागीदारीची खरी कसोटी लागते ती निष्कर्ष गावाला नको असेल तेव्हा. पटावर ६० मुले आहेत आणि डिसेंबरमध्ये हजेरीला २५, असे गावातल्याच माणसांनी मोजले. हे बाहेर गेले तर शिक्षकाचे पद जाऊ शकते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा राज्यात २०२३ पासून आहेच, त्यामुळे पालकांची भीती हवेतली नाही. खरा आकडा सांगितला म्हणून शाळाच गेली, तर पुढच्या संशोधकाला त्या गावात पाणीही मिळणार नाही. म्हणून सुरुवातीलाच एका पानाचा, साध्या मराठीतला करार हवा. कोणती माहिती गावाबाहेर जाईल, कोणत्या रूपात, गावाचे नाव येईल का, मूळ याद्या कोणाच्या कपाटात राहतील, काम मध्येच थांबवायचा अधिकार कोणाला. गाव निष्कर्ष बदलू शकत नाही, पण स्वतःचे नाव काढून घेऊ शकते आणि आपले म्हणणे अहवालात जोडू शकते, अशी रेषा बहुतेकांना मान्य होते. लहान गटांचे आकडे तर प्रसिद्ध करूच नयेत. ‘तांड्यावरच्या चौथीतल्या ३ मुलींपैकी २’ असे लिहिले की त्या मुली कोण, हे अख्ख्या तांड्याला कळते. दहापेक्षा कमी मुलांचा गट असेल तर तो मोठ्या गटात मिळवावा. निष्कर्ष आधी वस्तीच्या बैठकीत, मग ग्रामसभेत, मग जिल्हा परिषदेत, आणि सगळ्यात शेवटी परिषदेतल्या शोधनिबंधात. चाचणी झाल्यापासून सहा आठवड्यांत वस्तीला परत गेले नाही तर लोक ते काम विसरतात, आणि त्यांचे विसरणे योग्यच असते.

आक्षेप दोन येतात. एक, स्थानिक माणसे पक्षपाती असतात. असतात, त्यासाठी वर सांगितलेली अदलाबदल आणि जोडीने चाचणी आहे. बाहेरच्या माणसाचा पक्षपात मोजायला मात्र कोणी काही केलेले नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक गावाने आपापले प्रश्न घेतले तर गावागावांची तुलना कशी करायची? उत्तर अर्धेच देता येते. वाचन, गणित, हजेरी आणि स्थलांतराची नोंद एवढा भाग सगळीकडे सारखा ठेवावा, आणि प्रत्येक वस्तीचे पाच-सहा स्वतःचे प्रश्न वेगळ्या पानावर. या दुसऱ्या पानाची तुलना होणार नाही, हे मान्य करावे. वेळ मात्र दुप्पट लागतो, त्यावर इलाज नाही.

म्हणून बदल करायचा तो निधी देणाऱ्यांच्या आणि विद्यापीठांच्या अर्जातच करावा लागेल. पहिल्या सहा महिन्यांचा निधी फक्त प्रश्न ठरवण्यासाठी द्यावा, आणि त्यानंतर प्रस्तावाचा विषय बदलायची मुभा असावी. गावाच्या वर्षाचे वेळापत्रक, पेरणी, हंगाम, जत्रा, परीक्षा, हे प्रस्तावाला जोडणे सक्तीचे करावे. स्थानिक संशोधकांची नावे त्यांच्या संमतीने शोधनिबंधाच्या लेखकांत यावीत; आभाराच्या परिच्छेदात कोंबू नयेत. आणि मार्गदर्शकाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पहिल्याच बैठकीत विचारावे, की तुझी माहिती गोळा करायची तारीख कोणी ठरवली?